अडतीस प्रकरणांचं कासव

९ फेब्रुवारी

चूक झाली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं आणि आज स्वतः अशी करून बसलो की ती कुठल्या शुद्धिपत्रात मावणार नाही!

अनुस्वारचा सकाळपासून एकच धोशा — आई कधी येणार? दात घासताना, बूट घालताना, दुधात बिस्किट बुडवताना. ही दवाखान्यात लेकीपाशी, जावई कामावर, घरात मी आणि पाच वर्षांची नात. शेवटी वैतागून म्हणालो, "हे पुस्तक संपलं की येईल!" हातात होतं ते पुस्तक सोळा पानांचं. त्यातल्या निम्म्या पानांवर नुसते फुगे. दहा मिनिटांत संपलं. पोर उठली, पायांत बूट चढवले — उलटे — आणि दाराशी जाऊन बसली. दोन तास बसली हो!

मग म्हणालो, हे नव्हे ग राणी, मोठं पुस्तक. "केवढं मोठं?" मी दोन्ही हात पसरले. तिने अंतर नीट बघून घेतलं.

(अनुस्वार हे नाव मीच ठेवलं. जन्मली तेव्हा टिंबाएवढी होती, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यावर बसली.)

१० फेब्रुवारी

लेकीला भेटून आलो. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर बोलावून सांगितलं, नवीन औषध लागू पडतंय की नाही ते कळायला सहा आठवडे लागतील. लागू पडलं तर? तर घरी. नाही पडलं तर? त्या कागद चाळायला लागल्या.

सहा आठवडे. म्हणजे सहा आठवडे पुरेल असं पुस्तक पाहिजे.

लेकीने एक चिठ्ठी दिली पोरीसाठी. झाडावर बसलेला हत्ती काढलाय आणि खाली सही — आई. आठवड्यात दोन तरी चिठ्ठ्या येतात. अनुस्वार त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवते. बिस्किटं माझ्या कपाटात आली आहेत, त्यांच्यामागे मुंग्या.

१२ फेब्रुवारी

वाचनालयातून तीन जाडजूड पुस्तकं आणली. पोरीला द्यायच्या आधी स्वतः वाचली, पेन्सिल हातात घेऊन — सवय.

पहिलं: पहिल्या पानावर आई मेलेली. दुसरं: आई तिसऱ्या पानावर. तिसऱ्यात आई शाबूत होती, मला हायसं वाटलं, तर सातव्या प्रकरणात बापच बोटीवरून गेला!

या मुलांसाठी लिहिणाऱ्यांना आईबापांचं एवढं काय वावडं आहे कोण जाणे. गोष्ट सुरू करायची म्हणजे आधी घर मोकळं करायचं! मोकळ्या घरात पोर एकटं उभं केलं की यांची लेखणी धावते. बसून बसून लिहायला काय जातं यांचं?

१३ फेब्रुवारी

तिन्ही परत केली. ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर जरा जोरातच आपटली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं?" म्हटलं, मला एक मोठं पुस्तक द्या, ज्यात कुणी मरत नाही, हरवत नाही, कुणाला कोणी खात नाही आणि जे सहा आठवडे पुरतं.

हसल्या नाहीत, हा त्यांचा भलेपणा. विचारलं, मूल केवढं? ऐकताना हलतं की स्वस्थ बसतं? रोज कुठल्या वेळी वाचणार? मला वाटलं बाई ताप मोजतायत. मग म्हणाल्या, "पुस्तक मोठं पाहिजे पण प्रकरण छोटं. भीती असली तरी चालेल, पण ज्या प्रकरणात आली त्याच प्रकरणात मिटली पाहिजे. आणि मोठ्याने वाचून बघा. डोळ्यांना गोड लागतं ते तोंडाला लागेलच असं नाही."

शिडीवर चढून वरच्या कप्प्यातून एक हिरवं पुस्तक काढलं. धूळ थेट माझ्या नाकात. एक कासव टपालवाला असतो, त्याच्या पाठीवरच्या पिशवीत एकच पत्र असतं, आणि ते पोचवायला तो निघतो. अडतीस प्रकरणं! रोज एक. वर चार दिवस सर्दी-पडशाचे धरले तर सहा आठवडे बरोबर.

बाईंचे आभार मानायचे राहिले.

१६ फेब्रुवारी

दुपारी चार वाजता पहिलं प्रकरण. मी जन्मात कुणाला गोष्ट वाचून दाखवलेली नाही. लेक लहान होती तेव्हा माझ्यापुढे प्रुफांचा ढीग असायचा, ती मागून येऊन पाठीवर डोकं टेकायची, मी म्हणायचो, थांब, एवढी ओळ होऊ दे. ओळ कधी झालीच नाही.

तर वाचायला लागलो. "एक होतं कासव स्वल्पविराम त्याच्या पाठीवर होती पिशवी स्वल्पविराम आणि पिशवीत होतं एक पत्र पूर्णविराम." चार ओळी झाल्यावर लक्षात आलं, अनुस्वार तोंड उघडं टाकून बघतेय!

छापखान्यात आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफ तपासायचं. आणि वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं, टिंबसुद्धा गाळायचं नाही. चाळीस वर्षांची जीभ, ती आता कुठे वळणार? म्हटलं, चुकलो, परत वाचतो. तर पोरगी म्हणाली, "नाही! तसंच वाचा!"

रात्री जेवताना बापाला म्हणाली, "मला गाजर नको उद्गारचिन्ह." जावई बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला.

१९ फेब्रुवारी

चौथं प्रकरण. अजून एक वाचा, अजून एक वाचा, म्हणून मागे लागली. कारण ठाऊक आहे. पुस्तक संपवायचंय तिला. मी एकावर थांबलो. रुसून पलंगाखाली गेली. पलंगाखालून आवाज — "आई कधी येणार प्रश्नचिन्ह."

२१ फेब्रुवारी

जुन्या प्रुफांच्या मागे चित्रं काढायला तिला गठ्ठा दिलाय. आज विचारलं, या रेघा कसल्या? मग खुणा शिकवल्या. शब्दावर आडवी रेघ म्हणजे "तू बाहेर हो". आणि कधी आपणच चुकून चांगला शब्द खोडतो, तेव्हा त्याच्याखाली टिंबं द्यायची, एक दोन तीन चार. म्हणजे — चुकलो, राहू द्या त्याला. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला कळतं.

लगेच खेळ सुरू! माझ्या हातावर पेनाने रेघ मारली — "आजोबा बाहेर." मी रडायचं नाटक केलं. मग खाली टिंबं दिली. अजून पुसली नाहीत मी.

वाचता येत नाही तिला अजून. बालवाडीत नुसती फळं रंगवतात, सफरचंद निळं रंगवलं तरी बाई छान म्हणतात. बरंच आहे. वाचता आलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

कारण पुढचं आज वाचून ठेवलं. एकविसाव्या प्रकरणात कासवाला एक बदकाचं पिल्लू भेटतं. त्याची आई दूरच्या तळ्यावर गेलेली असते आणि परत येत नाही. आणि ग्रंथपाल बाई म्हणे भीती त्याच प्रकरणात मिटते! मिटते कसली — पिल्लू कासवाबरोबर चालायला लागतं. संपलं प्रकरण.

पेन्सिल घेतली. "आई" खोडून वर "आत्या" लिहिलं.

२२ फेब्रुवारी

नुसतं तेवढ्याने भागेना. पिल्लू पुढे दर प्रकरणात आईची आठवण काढतं. तेही खोडलं. मग बाकीच्या आयासुद्धा. ससुलीची आई, जी बिचारी नुसती दार उघडते. खारीची आई, जी सर्दीवर काढा देते. त्यांनी कुणाचं काय वाकडं केलंय? पण तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. आज सातव्या प्रकरणात एकदा आला तर खोकल्याचं सोंग करावं लागलं.

एकूण सत्तावीस जागी खोडला. वाचनालयाचं पुस्तक! आयुष्यात परक्या पुस्तकावर रेघ मारली नव्हती.

२५ फेब्रुवारी

ही दोन दिवस घरी आलीय, तिकडे जावई आहेत. तिला सांगितलं पुस्तकाचं. एकदम अंगावर आली — "माझी पोरगी तिथे पाण्याचा घोट गिळू शकत नाही आणि तुम्ही कासवं बदकं घेऊन बसलाय!" मी म्हणालो, मग काय करू? मला दुसरं काय येतं? ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. नळ सोडून रडते, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. बादली भरून वाहून जाते तरी नळ चालूच.

१ मार्च

लेकीने आज ओळखलं, पण बोलली नाही. चिठ्ठी मात्र दिली. चित्र नाही. नुसतीच सही, आणि ईचं शेपूट कागदाबाहेर गेलंय.

मी म्हटलं, तुझ्या लेकीला रोज वाचून दाखवतो. ओठ हलले. वाकून कान लावला. "बाबा, तुम्ही?" म्हणाली. हसली असावी.

थांब, एवढी ओळ होऊ दे. हेच म्हणत आलो मी तिला. करंटा माणूस!

५ मार्च

गेली.

६ मार्च

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. मी एकोणिसावं प्रकरण वाचत होतो. कासव ओढ्यापाशी पोचलं होतं. फोन वाजला. जावई. एकच वाक्य बोलले, मग नुसता श्वास.

मी फोन ठेवला. परत येऊन बसलो. अनुस्वार म्हणाली, "मग? ओढा ओलांडला?" आणि मी वाचायला लागलो. प्रकरण संपेपर्यंत वाचलं, एका दमात. कसं वाचलं, काय वाचलं, मला काही आठवत नाही. ओढा ओलांडला की नाही तेही आठवत नाही.

वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. काही विचारलं नाही. रोज विचारते ते सुद्धा नाही.

९ मार्च

सगळं उरकलं. त्या दिवशी अनुस्वारला शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवलं होतं. त्यांनी तिला चिंध्यांची बाहुली करून दिली. जावई म्हणाले, "बाबा, इतक्यात नका सांगू. दोन एप्रिलला वाढदिवस आहे तिचा. तेवढा होऊन जाऊ दे." मी मान हलवली. भित्र्याला निमित्त मिळालं.

म्हणजे अजून चोवीस दिवस. आणि प्रकरणं उरलीत एकोणीस. आणि पुस्तक संपलं की आई येणार आहे! माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

१० मार्च

विसावं प्रकरण काढलं तर म्हणाली, "आज मागचं वाचा."

मागचं कुठलं?

"पहिलं."

वाचलं. मला बरंच झालं, एक दिवस मिळाला. पण घाई कुठे गेली हिची? कंटाळली असेल.

१३ मार्च

आज विसावं. काल आणि परवा परत मागचंच. एक प्रकरण पुढे, दोन मागे — कासवसुद्धा एवढं हळू चालत नाही.

डबा उघडून चिठ्ठ्या बघत बसते. नवीन आली नाही म्हणून एकदाही विचारलं नाही. मीच घाबरलो — विचारलं तर? आठवड्याला दोन यायच्या. आता दोन आठवडे होत आले.

१४ मार्च

आज मी नीचपणा केला.

चिठ्ठी लिहिली. लेकीच्या जुन्या चिठ्ठ्या समोर ठेवून. एक मांजर काढलं, आणि खाली सही. अक्षरांची वळणं बघण्यात हयात गेली माझी, लेकीचा आ कसा, काना किती लांब, ईच्या डोक्यावरचा रफार जरा डावीकडे — हुबेहूब साधलं. स्वतःचीच पाठ थोपटावी इतकं.

संध्याकाळी दिली. तिने घेतली. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. सहीवरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

१५ मार्च

सकाळी चष्मा घ्यायला त्याचं घर उघडलं तर आत ती चिठ्ठी. बारीक घडी घालून ठेवलेली.

डबा उघडून पाहिला. तिच्या सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत. फक्त माझी मला परत.

१६ मार्च

एकविसावं प्रकरण. बदकाचं पिल्लू. "माझी आत्या तळ्यावर गेली स्वल्पविराम ती अजून आली नाही पूर्णविराम."

"आत्या?" म्हणाली.

हो, आत्या.

"पिल्लू आत्यासाठी एवढं रडतं?"

म्हटलं, असतो काही जणांचा आत्यावर जीव. तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं, पानावर नाक टेकवून बघितलं, आणि परत दिलं. "वाचा," म्हणाली.

१८ मार्च

पुस्तकाची मुदत वाढवायला गेलो. ग्रंथपाल बाईंनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे तुम्ही केलंत?" मी तोंडाला येईल ते बोललो. पेन्सिल आहे, पुसेन. तुमच्या पुस्तकापेक्षा माझी नात मोठी. तुम्ही म्हणाला होता भीती मिटते, कुठे मिटते ते दाखवा!

त्यांनी पुस्तक मिटलं आणि हळू विचारलं, "कोण गेलं?"

मी सांगितलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तोंडाने बोललो. माझी लेक गेली. उभा होतो तो खाली बसलो, मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर. गुडघे हनुवटीला लागले.

बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, "काका, गोष्टीत कुणी गेलं की मुलं विचारतात. आपण उत्तर देतो. तेवढंच असतं ते. तुम्ही विचारायची जागाच खोडून टाकलीत." मी म्हणालो, बोलायला काय जातं! त्या म्हणाल्या, "माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. मला सांगितलं परदेशी गेलेत. मी आठवीत जाईपर्यंत नकाशात बघायची." मग शिक्का मारला आणि दोन आठवडे वाढवून दिले.

रस्ता ओलांडताना दोनदा भोंगे वाजले.

२१ मार्च

लिहवत नाही.

२३ मार्च

हिच्याशी भांडण. म्हटलं, सांगून टाकू पोरीला. ही म्हणाली, "सांगा की! आहे हिंमत? मी नाही सांगणार. माझ्या तोंडाने मी नाही सांगणार." आणि नळ. दारात अनुस्वार उभी होती, बाहुली काखेत. किती वेळ उभी होती देव जाणे. आत गेली, आजीच्या पदराला धरलं, आणि नळ बंद केला.

नुसता नळ बंद केला. मग परत खेळायला गेली.

२६ मार्च

एकोणतीस, तीस. आज आपण होऊन दोन ऐकली. पिल्लू आणि कासव डोंगर चढले. शेवटचं प्रकरण मी केव्हाच वाचून ठेवलंय. पत्रात काही विशेष नाही. नुसती खुशाली — मी बरा आहे, तू कशी आहेस. अडतीस प्रकरणं पायपीट करून नुसती खुशाली! पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेखकाला चार शिव्या घातल्या होत्या. आता वाटतं, एवढी तरी कुणाची कुठे पोचते?

माझी पेन्सिल सापडत नाही. कानामागे, खिशात, उशीखाली — कुठे नाही.

३० मार्च

उरलेली सगळी तिने भराभर वाचून घेतली. आज सदतिसावं झालं. उरलं एक.

मला ताप आलाय असं सांगावं का? पुस्तक हरवलं म्हणावं? शेवटची पानं फाडावीत? हे सगळे विचार मी खरंच केले, एक साठी उलटलेला माणूस. वाढदिवसाला तीन दिवस आहेत. जावयांना शब्द दिलाय. उद्या ते प्रकरण वाचलं की ती उठून बूट घालेल. आता सुलटे घालता येतात तिला. आणि दाराशी जाऊन बसेल.

माझ्यात राम उरला नाही. खोटं बोलायचीही ताकद नाही आणि खरं बोलायचीही नाही. लेक असती तर म्हणाली असती, बाबा, एवढी ओळ होऊ द्या.

३१ मार्च

चार वाजता तीच पुस्तक घेऊन आली. माझी पेन्सिलही. टोक पार मोडलेलं.

अडतिसावं काढू लागलो तर म्हणाली, "आधी एकविसावं." काढलं. माझ्या रेघेखाली, खोडलेल्या शब्दाच्या खाली, टिंबं. चार. मोठी मोठी, एक तर पानाच्या आरपार गेलेलं. पुढचं पान — टिंबं. ससुलीच्या आईखाली, खारीच्या आईखाली. सगळीकडे. सत्तावीसच्या सत्तावीस.

मी म्हणालो, अग, तुला वाचता कुठे येतं?

"एवढंच येतं," म्हणाली. "आईने शिकवलंय. तेवढंच तुम्ही खोडलंत."

ती मांडीवर येऊन बसली, पाठ माझ्याकडे करून. "फोन आला ना, तेव्हा तुम्ही पूर्णविराम वाचले नाहीत. एकपण." मग पानावर बोट ठेवलं, टिंबांच्या जरा वर. "आता नीट वाचा."

वाचलं.